क्वाइट म्हणजे बऱ्यापैकी

प्रिय भिंगाबाई,

तू एक शब्द मागितलास आणि मी एवढी पानं पाठवतोय. पाकिटाची जाडी बघून तू कपाळाला हात लावणार, ते मला इथून दिसतंय. पण फेकू नकोस. शब्द आहे, आणि तो शेवटी आहे. आता लगेच शेवटचं पान उलटू नकोस. मधलं वाचलं नाहीस तर तो शब्द तुझ्या काही कामाचा नाही.

तुझा निरोप आईने फोनवर सांगितला. तुझं नक्की ठरलंय का, एका शब्दात कळव म्हणावं. त्यावर आईने स्वतःचं जोडलं, की पोरीने एकच शब्द मागितलाय, तेवढा तरी धड दे. मग तिने चष्म्याच्या दुकानातल्या काकांचं सगळं सांगितलं. त्यांचे हात थरथरायला लागलेत, मागच्या खोलीतल्या घासायच्या चाकावर भिंग धरवत नाही, दुकान तुझ्या हाती द्यायला ते तयार आहेत. पण पुढे बसून डोळे तपासायचे आणि मागे जाऊन भिंगं घासायची, हे एकटीला जमणार नाही. मागच्या चाकावर कोण बसणार ते ठरल्याशिवाय तू हो म्हणणार नाहीस, आणि तू हो म्हणाली नाहीस तर वर्ष संपलं की काका दुकान शेजारच्या कापडवाल्याला देऊन मोकळे होणार. मी आईला परत येतोय म्हणालो होतो, ते तिने तुला सांगितलं. दुसरी कोणी असती तर खूश झाली असती. तू विचारलंस, नक्की ठरलंय का. बरोबर विचारलंस. मी तुझ्या जागी असतो तर हेच विचारलं असतं, आणि उत्तर आल्यावर परत एकदा विचारलं असतं.

फोन करता आला असता. पण फोनवर मला माझं तोंड आवरत नाही, हे तुला माहीत आहे. मी म्हणालो असतो, एकदम नक्की! शंभर टक्के! डोळे मिटून! आणि हे सगळे शब्द तू माझ्या तोंडून आधी ऐकलेत. गॅरेजमध्ये लागलो तेव्हा म्हणालो होतो, आता इथेच, शंभर टक्के. छापखान्यात शाईचे हात घेऊन तुझ्याकडे आलो होतो तेव्हा म्हणालो, हे काम मला जाम आवडलंय, आता एकदम फिक्स. तू शाई काचेला लागू नये म्हणून मला दारातच उभं केलंस आणि म्हणालीस, बघू. पुढच्या महिन्यात मी फर्निचरवाल्याकडे होतो. काका म्हणायचेच, भिंगाच्या दुकानात भिंगरीचं काय काम. ती भिंगरी मला कायमची चिकटली. इथेसुद्धा माझी ओळख तीच आहे, फक्त इथल्या लोकांना ती नीट म्हणता येत नाही. ते 'बिंगी' म्हणतात.

इथलं काम काय आहे ते मी तुला कधी नीट सांगितलंच नाही. मोठं आवार आहे, आणि त्यात टाक्यांच्या गाड्या येऊन रांगेने उभ्या राहतात. म्हणजे ट्रकच, पण पाठीवर लांबोडकी गोल टाकी. एका खेपेला त्यातून तेल जातं, दुसऱ्या खेपेला दूध, तिसऱ्याला पीठ. तर मधे टाकी आतून धुवायची, ते आमचं काम. वरच्या झाकणातून आत उतरायचं, गरम पाण्याचा पाइप मारायचा, घासायचं, परत पाणी मारायचं. टाकी गोल, तिला कोपरा नाही, तरी घाणीला बसायला कोपरा कुठून मिळतो देव जाणे. सगळं झालं की बाहेर यायचं, जाड पाइपाने गरम हवा सोडायची आणि टाकी वाळायची वाट बघत थांबायचं. धुण्यात मी पहिल्या दिवसापासून पटाईत. वाट बघण्यात मी कसा आहे ते मी तुला सांगायला नको. चहा गाळायच्या आधी कप तोंडाला लावणारा माणूस मी.

आमची मुकादम एक बाई आहे. वयाने आईएवढी, उंचीने माझ्या खांद्याला, आणि आवाज ट्रकच्या भोंग्यासारखा. तिची भाषा इंग्रजी. बाकी आम्ही सगळे वेगवेगळ्या मुलखांतले, मोडक्या इंग्रजीवर भागवतो. आपली भाषा बोलणारा एकच आहे, त्याला मी मामा म्हणतो. नात्यागोत्याचा नाही, पण मी आलो त्या दिवशी माझ्या मापाचे बूट त्याने कुठूनतरी शोधून आणले, तेव्हापासून मामा. शाळा माझी सातवीत सुटली, आणि सुटायच्या आधीही मी वर्गात कमी आणि खिडकीत जास्त होतो. त्यामुळे इंग्रजीचं जे काही अडतं ते मामाला विचारायचं. मामाचं इंग्रजीही असं की निम्मं हातवाऱ्यांवर चालतं. पण तो विचारलेल्या शब्दाला नाही म्हणत नाही. काहीतरी अर्थ देतोच.

आम्ही झोपतो त्या खोल्यांच्या बोळात एक पाटी आहे. ती मी कितीतरी दिवस 'क्वाइट प्लीज' अशी वाचत होतो. मामा हसून लोळला. म्हणाला, अरे बाबा, ते क्वायेट आहे, गप्प बसा असं लिहिलंय, आणि ही पाटी तुझ्यासाठीच लावलीय. अक्षरं तीच, शेवटची दोन फक्त उलटीपालटी. मी म्हटलं, मग क्वाइट म्हणजे काय? मुकादमबाई दिवसभर तेच म्हणत असते. मामाने दाढी खाजवली, विचार केला, आणि म्हणाला, क्वाइट म्हणजे बऱ्यापैकी.

आता तू गालात हसली असशील. किंवा तुझ्या भुवया वर गेल्या असतील. मला मात्र तेव्हा कोणीतरी मानगूट धरून उचलल्यासारखं झालं. कारण त्याच सकाळी बाईने माझ्या टाकीत बॅटरी मारून बघितलं होतं आणि म्हणाली होती, क्वाइट गुड. मला गुड तेवढं कळलं होतं, आणि मी दिवसभर हवेत होतो. ती टाकी मी अशी घासली होती की आत तोंड बघून भांग पाडावा. आणि ती म्हणे बऱ्यापैकी चांगली! घर सोडून, पाणी ओलांडून एवढ्या लांब आलो, आणि इथेही बऱ्यापैकीच!

तो दिवस तुला आठवतो का, मला माहीत नाही. मला आठवतो. मी फ्रेमची खोकी पोचवायला आलो होतो, दुकानात गिऱ्हाईक नव्हतं, काका मागे चाकावर होते. तू म्हणालीस, बस, तुझे डोळे तपासते, फुकटात. ती तपासायची जड फ्रेम माझ्या नाकावर ठेवलीस. ती घालून मी कसा दिसत होतो ते तूच सांगितलंस, म्हशीसारखा. तू भिंग घातलंस आणि विचारलंस, आता कसं दिसतंय? मी म्हटलं, एकदम क्लिअर. भिंग बदललंस. आता? मी म्हटलं, आता तर अजून एकदम. तू म्हणालीस, तुला एकदमशिवाय दुसरा शब्द येतो का रे? मला जोर चढला. ते लोखंड नाकावर तसंच ठेवून मी विचारलं, मी तुला आवडतो का? तू भिंगांच्या पेटीत बघत होतीस. एक भिंग काढलंस, पुसलंस, जागेवर ठेवलंस. आणि म्हणालीस, बऱ्यापैकी.

मी हसण्यावारी नेलं, पण आतून जाम लागलं. ज्या माणसाला सगळं भयंकर आवडतं किंवा बेक्कार वाटतं, त्याला बऱ्यापैकी म्हणजे काय? उरलेलं अन्न जसं ठेवतात, टाकवत नाही म्हणून, तसं. इकडच्या कामाला माणसं हवीत असं कोणीतरी म्हणत होतं, मी दुसऱ्याच दिवशी जाऊन नाव दिलं. लोकांना सांगितलं, जग बघायचंय. आईला सांगितलं, दोन पैसे जास्त मिळतात. तुला काही सांगितलंच नाही, कारण तू विचारलं नाहीस. खरं कारण हे, की एका बऱ्यापैकीवर रुसून मी देश बदलला.

आणि इथे ती बाई दिवसातून शंभर वेळा तेच म्हणत होती. क्वाइट वॉर्म टुडे. क्वाइट बिझी. क्वाइट गुड, बिंगी. प्रत्येक वेळी मी मनात बऱ्यापैकी म्हणायचो आणि पाइप जोरात आपटायचो.

मग ती पिठाची टाकी आली. त्या गाडीचा ड्रायव्हर एक उंचच उंच माणूस आहे, आम्ही त्याला ताडमाड म्हणतो. फार बोलका. त्याची टाकी मी धुतली, गरम हवा लावली आणि थोडा वेळ थांबलो. माझ्या मानाने पुष्कळच वेळ थांबलो. आत बॅटरी मारली. वर कोरडं, बाजूला कोरडं, खाली तोटीच्या तोंडाशी जरासं ओलसर. जरासंच. बाईने लांबून ओरडून विचारलं, क्वाइट ड्राय? मी मनात म्हटलं, बऱ्यापैकी कोरडी आहे का? आहे की. बऱ्यापैकी कशाला, त्याहून जास्तच आहे. मी अंगठा वर करून ओरडलो, येस, क्वाइट!

दुसऱ्या दिवशी ताडमाड गाडी घेऊन परत आला तो शिव्या देतच. टाकीत पीठ भरलं होतं, आणि जिथे उतरवायचं तिथे तोटी उघडली तर पीठ बाहेर येईना. तोंडाशी ओल होती तिथे त्याचा गोळा झाला होता, आणि त्यावर रस्त्याभर हादरे बसून तो असा घट्ट झाला होता की काठी आत जाईना. सगळी खेप वाया. आवारातले सगळे काम सोडून बघायला जमले. मामा तोटीत वाकून बघून म्हणाला, लेका, एवढी मोठी परात मी जन्मात बघितली नव्हती, कणीक मात्र छान मळलीस. बाकीच्यांना भाषा कळली नाही, पण मामाने हाताने मळून दाखवलं, मग सगळे हसले. बाई हसली नाही. तिने बोटाने मला बोलावलं आणि चालू लागली.

माझं काय चाललं होतं सांगू? मी मनात पिशवी भरत होतो. आधी बूट, मग पांघरूण, मग आईने दिलेला टॉवेल. हे मला सवयीचं आहे. कुठेही काही बिनसलं की पाय आधीच निघालेले असतात, डोकं मागून येतं. मी ठरवलं होतं की ती बोलायच्या आत आपणच म्हणायचं, जातो.

ती मला जेवणाच्या खोलीत घेऊन गेली. मोठ्या मगात चहा ओतला आणि माझ्यासमोर ठेवला. म्हणाली, हात लाव. मी लावला. म्हणाली, क्वाइट हॉट? मी मान डोलावली. म्हणाली, उकळता आहे का? नाही. गार आहे का? नाही. मधे कुठेतरी. म्हणजे क्वाइट. मग तो मग तिने स्वतः उचलला आणि माझ्याकडे बघत बघत पिऊन टाकला. पिऊन झाल्यावर तिने मग टेबलावर पालथा घातला. एक थेंब पडला. म्हणाली, नॉट क्वाइट एम्प्टी. मग सुलटा केला, फडक्याने आतून पुसला, परत पालथा घातला. काही पडलं नाही. आता क्वाइट एम्प्टी.

मला हळूहळू उलगडत गेलं. चहा कमी गरम असतो, जास्त गरम असतो. तिथे क्वाइट म्हणजे मामाचं बऱ्यापैकी. पण मग कमी रिकामा, जास्त रिकामा असं काही नसतं. एक थेंब राहिला तर तो रिकामा नाही. तिथे क्वाइट म्हणजे पार, पूर्ण, अगदी. शब्द एकच. पुढे कोण उभं आहे त्यावरून तो अर्धा होतो किंवा पुरा होतो. आणि पीठ भरायच्या टाकीचं कोरडं असणं हे त्या मगासारखं आहे, चहासारखं नाही.

मी म्हटलं, सॉरी. ती म्हणाली, यू आर क्वाइट इम्पॉसिबल. हे मी मामाला विचारलं, की हे चहातलं की मगातलं? मामा म्हणाला, तुझ्या बाबतीत मगातलं.

तिने मला काढलं नाही. म्हणाली, गोळा तू केलास, तूच काढ. मी आत बसून तो फोडून काढला, टाकी परत धुतली, गरम हवा लावली. तिने लांबून विचारलं, क्वाइट ड्राय? मी आत गेलो, तोटीशी हात फिरवला. बोटाला दमटपणा लागला. पूर्वीचा मी असतो तर पँटला हात पुसून हो म्हणालो असतो. मी बाहेर येऊन ओरडलो, नॉट क्वाइट. आणि परत हवा लावून गाडीच्या सावलीत बसलो. काहीही न करता. पाय हलवत, पण बसलो. मामाने येऊन माझ्या कपाळाला हात लावून बघितला, ताप आहे का म्हणून.

त्यानंतर मला या शब्दाचा नादच लागला. तो दिसेल तिथे मी पकडायला लागलो. ताडमाडला राग जाऊ दे म्हणून एकदा चहा पाजला, तर तो म्हणाला, क्वाइट गुड! आणि त्याचा चेहरा असा खुलला होता, की बऱ्यापैकी चांगला चहा पिऊन कोणाचा खुलत नाही. मी बाईला विचारलं. ती म्हणाली, त्याची भाषाही इंग्रजीच, पण त्याच्या मुलखातले लोक क्वाइट गुड म्हणतात तेव्हा फारच चांगलं म्हणायचं असतं. आमच्या मुलखात मात्र जरा हात राखून. म्हणजे बघ, नुसता शब्द बघून भागत नाही, बोलणारा कुठला आणि कसा तेही बघावं लागतं. आणि अजून एक गंमत. क्वाइट अ फ्यू म्हणजे थोडे नाहीत, पुष्कळ! बाई म्हणाली, क्वाइट अ फ्यू मिस्टेक्स, बिंगी. मी खूश झालो, थोड्याच चुका झाल्या म्हणून. मामाही खूश झाला. मग आम्हाला कळलं.

बाईने मला विचारलं, तुमच्या भाषेत असं नसतं का? मी म्हटलं, छे, आमची सरळ भाषा. आणि लगेच मला आठवलं, लहानपणी पेरूच्या झाडावरून पडलो होतो तेव्हा आई सगळ्यांना सांगत होती, चांगलाच पडला, चांगलंच लागलंय. मी तोडक्यामोडक्या इंग्रजीत बाईला ते सांगितलं. तिने विचारलं, पडण्यात चांगलं काय? आणि ती हसत सुटली. तिला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

आता मुद्द्याचं. टाकी वाळत असताना सावलीत बसलो की डोकं रिकामं राहत नाही. तुझं बऱ्यापैकी मी परत बाहेर काढलं आणि उलटसुलट करून बघायला लागलो. आणि मला तुझीच एक गोष्ट आठवली, जी तू काकांना सांगत होतीस आणि मी नुसताच कान देऊन उभा होतो. एक गिऱ्हाईक गेल्यावर तू म्हणालीस, हा प्रत्येक भिंगाला एकदम छान म्हणतोय, म्हणजे हा बघतच नाहीये, याला घरी जायची घाई आहे. जो म्हणतो बऱ्यापैकी दिसतंय, पण तळच्या ओळीत जरा धूसर आहे, तो खरा बघतोय, त्याचा नंबर नीट काढता येतो. काका म्हणाले, शिकलीस. हे तू मला ती फ्रेम घालायच्या कितीतरी आधी बोलली होतीस. मी ऐकलंही होतं. पण तेव्हा मी सगळ्यालाच एकदम छान म्हणणारं गिऱ्हाईक होतो ना.

म्हणजे तू बघून म्हणालीस. बऱ्यापैकी दिसतोय, तळच्या ओळीत धूसर. ती तळची ओळ काय होती ते मला विचारायची गरज नाही. गॅरेज, छापखाना, फर्निचरवाला, सगळी तिथेच होती. तू मला कमी म्हणाली नव्हतीस. जेवढं दिसत होतं तेवढं म्हणाली होतीस. आणि त्या बऱ्यापैकीची उंची मी आता मोजायला बसणार नाही. आवडणं हे चहासारखं आहे, कधी जास्त गरम, कधी कमी. ते तुझ्याकडे राहू दे. तुला वाटेल तेव्हा परत तपास.

पण परत येणं तसं नाही. माणूस बऱ्यापैकी परत येत नाही. एकतर येतो, नाहीतर येत नाही. आणि काकांच्या चाकावर बसणंही तसंच. मी त्या चाकावर आधी हात चालवलाय, तुला आठवत असेल. घाईघाईत दाबून धरायचो आणि भिंगाची कड उडायची. काका नुसते तुकडे गोळा करायचे, आणि ते मला शिव्यांपेक्षा जास्त लागायचं. परवा मी मामाच्या चष्म्याची सैल काडी बसवून दिली. बारीक स्क्रू, जाडी बोटं. बसवला, हलवून बघितला, काढला, परत बसवला. मामा म्हणाला, कोण आहेस तू आणि आमच्या भिंगरीला कुठे ठेवलंस?

आता मधली एक गोष्ट राहिली, ती तुला आवडणार नाही कदाचित. मी लगेच येत नाहीये. इथला माझा करार हंगाम संपेपर्यंतचा आहे, आणि तो मी पूर्ण करणार आहे. पिठाच्या गोळ्यानंतर मी पिशवी घेऊन निघालो असतो, तर कधीच तुझ्या दारात असतो. पण ते पळून येणं झालं असतं, आणि पळून आलेला माणूस पुढे तुझ्याकडूनही पळाला असता. मी आजवर कुठलंच काम शेवटपर्यंत केलेलं नाही. हे करतोय. वर्ष संपायच्या आत मी तिथे असेन, काकांना तेवढं थांबावं लागेल. त्यांना म्हणावं, तोवर चाकाला तेल घालून ठेवा, आणि कापडवाल्याला म्हणावं, तू तुझं कापड माप.

आणि हे पत्र खरं का लिहिलं ते आता सांगतो. काल मी बाईकडे गेलो आणि सांगितलं, हंगाम झाला की मी घरी जाणार, पुढच्या हंगामाला माझं नाव धरू नका. तिने हातातलं काम खाली ठेवलं. म्हणाली, पुढच्या हंगामात तुला मोठ्या टाक्यांवर घेणार होते. आणि मग माझ्याकडे नीट बघून विचारलं, आर यू क्वाइट शुअर? मी जागच्या जागी थांबलो. कारण हा तर तुझाच प्रश्न होता. आईने फोनवर सांगितलेला. नक्की ठरलंय का? माझ्या जिभेवर हंड्रेड परसेंट आलं होतं, ते मी गिळलं. मी माझ्याच आत उतरलो, तळाशी हात फिरवून बघितला, कुठे ओल लागते का ते. वेळ लागला. ती थांबली. मग मी म्हणालो, क्वाइट. नुसतंच. ती म्हणाली, हा शब्द नॉट न लावता तू आज पहिल्यांदा नीट वापरलास. तोच शब्द मला तुला पाठवायचा होता, आपल्या भाषेतला. पण तो नुसता पाठवला असता, तर तो तुला माझ्या शंभर टक्क्यांच्या आणि एकदमच्या रांगेतलाच एक वाटला असता. माझे सगळे मोठे शब्द मी तुझ्यापाशी आधीच झिजवून ठेवलेत. हा एक कोरा होता. तो झिजलेल्यांत मिसळू नये म्हणून एवढी पानं. आता प्रश्न परत एकदा वाच. तुझं नक्की ठरलंय का?

अगदी.

तुझाच,
भिंगरी